उचललेली गाडी, जशी होती तशी

नो-पार्किंगमधून उचललेली गाडी सोडवायला वाहतूक चौकीवर आलेला माणूस घाईत असतो आणि थोडा खजीलही असतो. दंड भरायचा, पावती घ्यायची आणि गाडी काढायची, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. अशा वेळी स्कूटरचा आरसा लोंबकळताना दिसतो, किंवा कारच्या बंपरला नवा तडा दिसतो. पण गाडी चुकीच्या जागी लावली ती आपणच, आता कुठल्या तोंडाने बोलायचं, असं वाटून तो निमूट निघतो आणि गॅरेजचं बिल स्वतःच्या खिशातून भरतो. हा संकोच निराधार आहे. चुकीच्या पार्किंगची शिक्षा म्हणजे कायद्याने ठरवलेला दंड आणि गाडी हलवण्याचा खर्च. त्यात बंपर फोडून घेणं कुठेही बसत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२७ पाहा. पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास वा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी टोइंगने हलवण्याची परवानगी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. ती हलवण्याचा खर्च मालकाने सोसायचा, हेही त्याच कलमात आहे. कायदा मालकावर टाकतो तो खर्च उचलण्याचा. उचलताना झालेल्या मोडतोडीचा खर्च मालकाने सोसावा असं तिथे म्हटलेलं नाही. गणवेशाचा उल्लेखही महत्त्वाचा आहे. टोइंग व्हॅनवर फक्त ठेकेदाराची पोरं आहेत आणि पोलीस नाही, असं दिसलं तर ती गोष्ट तक्रारीत आवर्जून लिहावी.

मग मोडतोडीची जबाबदारी कोणाची? याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात सापडतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये कलम १४८ पासून पुढे ‘निक्षेपा’चे नियम आहेत. एकाची वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात गेली, की ताबा घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची. म्हणजे साधारण समजूतदार माणूस आपली तेवढ्याच किमतीची वस्तू जपेल, तितकी काळजी घ्यायची. हे कलम १५१. काम झालं की वस्तू परत द्यायची. परत देताना ती खराब निघाली, तर आपण काळजी घेतली होती हे ताबा घेणाऱ्याने दाखवायचं. इस्त्रीवाल्याकडे दिलेल्या साडीला जे लागू, तेच टोचन लावून नेलेल्या गाडीला लागू.

यावर कोणी म्हणेल, साडी आपण राजीखुशीने देतो, गाडी तर पोलिसांनी न विचारता उचलली, मग यात करार कुठे आला? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्याचा प्रवास सविस्तर सांगायला हवा, कारण आज चौकीवर उभ्या असलेल्या माणसाची बाजू तिथेच पक्की झाली.

सुरुवात मात्र निराशेची आहे. १९४७ च्या सप्टेंबरात सोनं-चांदी विकायला मेरठला आलेल्या एका व्यापाऱ्याला पोलिसांनी संशयावरून अडवलं आणि त्याचा माल मालखान्यात ठेवला. पुढे तिथलाच हेड कॉन्स्टेबल सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. व्यापाऱ्याने सरकारकडे सोन्याची किंमत मागितली. १९६४ च्या कस्तुरीलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामं, त्यात नोकराने केलेल्या हलगर्जीपणाची भरपाई राज्य देणं लागत नाही, असं तेव्हा ठरलं.

पण तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, मेमन महोमद हाजी हसम यांच्या खटल्यात न्यायालयासमोर थेट गाड्याच आल्या. जुनागढ संस्थानच्या जकात अधिकाऱ्यांनी १९४७ मध्ये दोन ट्रक, एक स्टेशन वॅगन आणि इतर माल जप्त केला होता. मालकाचं अपील चालू असतानाच गाड्या बेवारस ठरवून विकल्या गेल्या. पुढे जप्ती रद्द झाली, तोवर परत द्यायला गाड्या उरल्याच नव्हत्या. गुजरात सरकार म्हणालं, आमचा या माणसाशी करार नाही, तेव्हा आम्ही त्याच्या मालाचे राखणदार कसे? न्यायालयाने हे मानलं नाही. निक्षेप फक्त कराराने होतो असं नाही. जप्ती उठली की माल परत करावा लागेल हे ठाऊक असताना सरकारने तो ताब्यात ठेवला, म्हणून वाजवी काळजीने जपण्याची जबाबदारी त्याच्यावर आलीच. वस्तू ज्या स्थितीत घेतली त्याच स्थितीत परत करणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे १९९४ मध्ये नागेंद्र राव यांच्या खटल्यात, जप्त केलेलं खत आणि धान्य गोदामात पडून खराब झालं तेव्हा, सार्वभौमत्वाची सबब न्यायालयाने स्पष्ट शब्दांत फेटाळली आणि राज्याला भरपाई द्यायला लावली. कस्तुरीलालचा निकाल औपचारिकपणे मोडीत निघाला नसला, तरी त्याचा धाक फारसा उरलेला नाही.

म्हणून एक गोष्ट मनाशी घट्ट धरावी. ताबा ज्याच्याकडे गेला, जबाबदारीही त्याच्याकडे गेली. गाडी तुम्ही फोन करून बोलावलेल्या क्रेनने नेली असो की पोलिसांच्या टोइंग व्हॅनने, भरपाईच्या प्रत्येक भांडणात प्रश्न दोनच क्षणांचा असतो: ताबा गेला तेव्हा गाडी कशी होती, आणि परत आला तेव्हा कशी होती. या दोन क्षणांचा पुरावा ज्याच्याकडे असतो, त्याचं पारडं जड असतं.

पुरावा कसला गोळा करायचा हे कळण्यासाठी गाडी कशाने बिघडते ते थोडं समजून घ्यावं. दुचाकीचं नुकसान डोळ्यांना दिसतं. चार हात तिला उचलून टेम्पोत दाटीवाटीने टाकतात. त्यात ब्रेक-क्लचचे लिव्हर वाकतात, इंडिकेटर तुटतात, शेजारच्या गाडीचा फूटरेस्ट साइड पॅनेलमध्ये घुसतो आणि आडव्या झालेल्या गाडीतून पेट्रोल सांडतं. कारचं नुकसान लबाड असतं. हूक आणि साखळी बंपरच्या खाली नेमून दिलेल्या जागेऐवजी सस्पेन्शनच्या आर्मला अडकवली, तर वरून काहीच दिसत नाही. आठ दिवसांनी गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि टायर आतल्या कडेने झिजलेले निघतात. प्रत्येक कारला ओढण्यासाठी एक जागा दिलेली असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आटे असलेली लोखंडी कडी पिळून बसवायची. ती कडी बहुतेक गाड्यांत जॅकच्या पिशवीत किंवा स्टेपनीजवळ पडून असते, आणि कित्येक मालकांनी ती एकदाही हातात घेतलेली नसते.

हँडब्रेक लावलेलं चाक जमिनीवरून फरपटत नेलं, तर टायरला एकाच जागी सपाट चट्टा पडतो आणि ब्रेक जळतो. ऑटोमॅटिक गाडीचा धोका याहून मोठा आहे. तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून, ओढणारी चाकं जमिनीवर ठेवून गाडी नेली, तर आतले भाग तेलावाचून फिरत राहतात आणि काही किलोमीटरमध्ये गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटर जनरेटरसारखी वीज तयार करू लागते. म्हणून अशा गाड्या, तसंच चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या, चारही चाकं वर असलेल्या सपाट ट्रकवरूनच न्याव्यात असं उत्पादकांची पुस्तिका सांगते. भरपाईच्या प्रकरणात पुस्तिकेतलं ते एक पान फार कामाचं ठरतं. उत्पादकाने लेखी मनाई केलेल्या पद्धतीने गाडी नेली, हेच निष्काळजीपणाचं चांगलं प्रमाण. पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाडीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. क्रेनवाला ट्रकवर चढवायला सोपं जावं म्हणून किल्ली फिरवायला मागतो. ती देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग हे पुराचं नुकसान की चालू केल्याचं, यावर विमा कंपनीशी वाद सुरू होतो.

आता पहिल्या क्षणाकडे येऊ. क्रेन तुम्ही बोलावली असेल, तर साखळी लागण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून सलग व्हिडिओ काढा. चारही कोपरे, चारही चाकं, बंपरची खालची कड, डॅशबोर्डवरचं किलोमीटर आणि पेटलेले दिवे, आणि शेवटी क्रेनचा नंबर. मग साखळी किंवा पट्टा नेमका कुठे लावला, त्याचाही फोटो घ्या. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. पोलिसांनी गाडी उचलली असेल तर ही संधी मिळत नाही, म्हणून तुमच्या बाजूला असतील ते पुरावे शोधावे लागतात. शेवटच्या सर्व्हिसिंगच्या वेळचं जॉब कार्ड पाहा, त्यावर आधीचे ओरखडे नोंदवलेले असतात. गाडी उभी होती तिथल्या दुकानाचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही पाहा. हे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, तेव्हा दुकानदाराला त्याच दिवशी भेटावं. ई-चलानाबरोबर पोलिसांनी काढलेला फोटो असतो. त्यात तुमचा बंपर धडधाकट दिसत असेल, तर त्याहून भक्कम पुरावा शोधून सापडणार नाही.

दुसरा क्षण त्याहून महत्त्वाचा, आणि बहुतेकांची केस तिथेच हातातून निसटते. गाडी चौकीच्या आवारातून बाहेर काढण्याआधी, ट्रकवरून उतरवलेली गाडी गॅरेजमध्ये ढकलण्याआधी, तिथल्या तिथे पाहायची. फाटकाबाहेर पडल्यावर ‘हे बाहेर झालं असेल’ असं म्हणायला समोरचा मोकळा होतो. नुकसान दिसलं तर पावतीवर, सहीच्या वर, दोन ओळी लिहाव्यात: ‘गाडी परत घेताना पुढचा बंपर उजव्या कोपऱ्यात तडकलेला व उजवा फॉगलॅम्प फुटलेला आढळला. गाडी उचलण्यापूर्वी हे नुकसान नव्हतं. भरपाईचा हक्क राखून रक्कम भरत आहे.’ खाली तारीख, वेळ आणि सही. पावतीवर लिहू दिलं नाही, तर तिथूनच त्याच मजकुराचा मेल किंवा व्हॉट्सअॅप संदेश कंपनीच्या किंवा वाहतूक शाखेच्या अधिकृत पत्त्यावर पाठवा. तिथे उभं राहून हुज्जत घालण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे. पैसे भरल्याशिवाय गाडी मिळणार नसेल तर भरा. दंड भरला म्हणजे भरपाईवर पाणी सोडलं, असं होत नाही. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. नवा पुरावा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते देणं सोपं जातं.

लगेच दुरुस्तीला हात लावू नका. आधी गॅरेजवाल्याकडून लेखी एस्टिमेट घ्या, शक्य असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून, आणि त्यात नुकसानाचं कारण लिहून मागा. ‘डाव्या लोअर आर्मवर साखळीचे व्रण, आर्म वाकलेला’ हे मिस्त्रीने लेटरहेडवर लिहिलेलं एक वाक्य तुमच्या पानभर तक्रारीपेक्षा वजनदार असतं. बदललेले जुने भाग गॅरेजमध्ये टाकून येऊ नका.

तुम्ही स्वतः बोलावलेल्या क्रेनच्या बाबतीत मार्ग सरळ आहे. तुम्ही पैसे मोजले, त्यांनी सेवा दिली, म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू झाला. निष्काळजीपणाने केलेलं काम ही त्या कायद्यात सेवेतली उणीवच आहे. नव्या गाडीबरोबर किंवा विम्याबरोबर ‘मोफत’ मिळालेली रस्त्यावरची मदतही यात मोडते, कारण तिचे पैसे गाडीच्या किमतीत किंवा हप्त्यात तुम्ही आधीच दिलेले असतात. रिक्षा किंवा टेम्पो स्वतः चालवून पोट भरणाराही ग्राहकच. व्यापारी वापराचा अपवाद त्याला लागू होत नाही.

इथे गुंता होतो तो कंपन्यांच्या साखळीमुळे. तुम्ही फोन करता कार कंपनीच्या हेल्पलाइनला. ती काम देते मदत पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला, आणि ती फोन लावते हायवेवरच्या एका क्रेनमालकाला. नुकसान झालं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. या टोलवाटोलवीत पडू नका. ज्याच्या नावावर तुम्ही पैसे भरले तो पहिला विरुद्धपक्ष, बाकीचे दोघे त्याच्या मागे, तिघांनाही एकाच नोटिशीत घ्या. आपण नेमलेल्या माणसाच्या चुकीला आपण जबाबदार नाही, असं कंपनीला ग्राहकापुढे सहजासहजी म्हणता येत नाही. क्रेनचा वाहन विमा तुमचं नुकसान भरेल या भरवशावर मात्र राहू नका. वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत तृतीय पक्षाच्या मालमत्तेचं संरक्षण असतं, पण विमाधारकाच्या ताब्यात असलेली किंवा त्याच्या वाहनावरून नेली जाणारी मालमत्ता त्यातून वगळलेली असते. ट्रकवर चढवलेली तुमची कार नेमकी त्या अपवादात जाते. म्हणून ‘आमच्या इन्शुरन्सकडे मागा’ हे उत्तर ऐकून गप्प बसायचं नाही. पैसे क्रेनमालकाकडे आणि त्याला पाठवणाऱ्या कंपनीकडेच मागायचे.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं असतं, आणि ते वाचून अनेकांचा धीर सुटतो. त्यांनी २०१९ चा ताज महाल हॉटेलचा निकाल लक्षात ठेवावा. दिल्लीतल्या त्या हॉटेलात १९९८ मध्ये एका पाहुण्याने मारुती झेन व्हॅलेच्या हाती सोपवली आणि ती चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर, जोखीम पाहुण्याची, असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी आणि किल्ली ताब्यात घेतल्यावर हॉटेल राखणदार झालं. आपला निष्काळजीपणा नव्हता हे हॉटेलने आधी सिद्ध करावं, तोवर छापील अटीच्या आड लपता येणार नाही. विमा कंपनीने आधीच गाडीमालकाला पैसे दिले होते आणि ते वसूल करायला तीही या दाव्यात उभी होती. हा निकाल व्हॅले पार्किंगचा असला, तरी त्यातलं तत्त्व ताब्याचं आहे, आणि टोचनवाल्याला उत्तर देताना तो निर्धास्तपणे उद्धृत करावा.

पोलिसांच्या टोइंगबाबत ग्राहक आयोगाचा मार्ग माझ्या मते कच्चा आहे. दंड म्हणजे सेवेचं मोल नव्हे, आणि कायद्याने सोपवलेलं काम ‘सेवा’ ठरत नाही, हा आक्षेप तिथे हमखास येतो. तेव्हा आधी वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज करा, त्याची प्रत ठेकेदाराला द्या, आणि अर्जात भरपाईची रक्कम आकड्यात मागा. मग नोटीस आणि दिवाणी दावा. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. पोलिसांनी कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या चुकीसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांचीच मुदत आहे. एरवी अशा दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण पोलिसांना पक्षकार करायचं असेल तर त्या तीन वर्षांवर विसंबू नका आणि वकिलाला पहिल्याच महिन्यात गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करण्याचाही पर्याय आहे. रक्कम लहान असली की ठेकेदार तिथे तडजोडीला तयार होण्याची शक्यता बरी असते.

विम्याचं गणित नीट मांडून पाहायला हवं. सर्वसमावेशक पॉलिसीत बाह्य अपघाती कारणाने झालेलं आणि गाडी रस्त्याने वाहून नेताना झालेलं नुकसान येतं, त्यामुळे टोइंगमधली मोडतोड दाव्याला पात्र असते. पण प्रत्यक्ष हातात काय येतं? समजा, प्लास्टिकचा बंपर १०,००० रुपयांचा आणि बसवण्याची मजुरी ३,०००. प्लास्टिकवर निम्मा घसारा कापला जातो, म्हणजे ५,००० गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. उरले ७,०००. आता तुमचा नो-क्लेम बोनस ३५ टक्के असेल आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० असेल, तर पुढच्या वर्षी ३,१५० रुपयांची सूट बुडेल, आणि पुन्हा २० टक्क्यांपासून पायऱ्या चढाव्या लागतील. एवढ्याशा नुकसानासाठी विमा वापरणं तोट्याचं आहे. गिअरबॉक्स गेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा विमा कंपनीला तातडीने कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका, आणि कंपनी पैसे दिल्यावर वसुलीचा हक्क स्वतःकडे घेण्यासाठी ज्या कागदावर सही मागते तो वाचून सही करा. एकाच नुकसानाचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत. मात्र विम्याने न दिलेला भाग, म्हणजे घसारा, वजावट आणि बुडालेली बोनसची सूट, टोइंगवाल्याकडे मागायला काहीच हरकत नाही.

मागणीत दुरुस्तीच्या बिलापलीकडेही बरंच बसतं. गाडी गॅरेजमध्ये होती त्या दिवसांचं टॅक्सी-रिक्षाचं भाडं, चाकांचं अलाइनमेंट, फुकट गेलेलं टोइंग शुल्क, व्याज आणि तक्रारीचा खर्च. टेम्पोचालकाचा बुडालेला रोजगारही यात येतो, पण त्याला आधीच्या महिन्यांच्या फेऱ्यांचा हिशेब जोडावा लागतो. करार अधिनियमाचं कलम ७३ सांगतं की चुकीतून सरळ उद्भवलेलं नुकसान मागता येतं, दूरचं नाही, आणि नुकसान वाढू न देण्याचे वाजवी उपाय मागणाऱ्यानेही करायचे असतात. तुटक्या बंपरपोटी अख्ख्या गाडीचा नवा रंग मागितला, तर खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो. नेमका आकडा मागा आणि प्रत्येक आकड्याला एक कागद जोडा.

पहिलं पत्र साधं आणि छोटं असावं. रागाचे शब्द नकोत, विशेषणंही नकोत. ‘अमुक तारखेला आपल्या अमुक क्रमांकाच्या क्रेनने माझी गाडी अमुक ठिकाणाहून नेली. सोबतच्या व्हिडिओत ताबा देतेवेळची स्थिती दिसते. परत मिळाली तेव्हाचे फोटो जोडले आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या अहवालानुसार डावा लोअर आर्म साखळी लावल्याने वाकला. दुरुस्ती, अलाइनमेंट आणि सहा दिवसांचा प्रवासखर्च मिळून इतके रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत.’ स्पीड पोस्टाने आणि मेलनेही पाठवा. उत्तर आलं नाही, किंवा ‘चौकशी चालू आहे’ एवढंच आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा या टप्प्यावर बोलायला येतात. पहिला प्रस्ताव निम्म्याचा असेल. तो ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून स्वीकारल्याची सही केली की पुढचं दार बंद होतं, हे लक्षात ठेवून मगच पेन उचला.

तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेपोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच करायची, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. टोइंगचे पैसे काही हजारांच्या पुढे जात नाहीत, तेव्हा शुल्काचा प्रश्नच येत नाही. क्रेन लोणावळ्याची आणि तुम्ही नाशिकचे असाल तरी तक्रार नाशिकला करता येते. २०१९ च्या कायद्याने राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यात तक्रार करण्याची ही मोठी सोय दिली आहे. मुदत दोन वर्षं. वकील हवाच असं नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे मनात धरूनच पाऊल टाकावं.

राहिली ती दुचाकीच्या तीनशे रुपयांच्या लिव्हरची आणि चारशेच्या आरशाची गोष्ट. एवढ्यासाठी आयोग किंवा कोर्ट कोणी गाठणार नाही, आणि ठेकेदारांना ते पक्कं ठाऊक असतं. पण टोइंगच्या कामात सर्वाधिक भरडली जाते ती दुचाकीच. डिलिव्हरी करणारी मुलं, बाजारात आलेल्या बायका, क्लासला आलेली कॉलेजची पोरं यांच्या गाड्या भाजीच्या पाट्यांसारख्या रचल्या जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत चालक वर बसलेला असतानाच दुचाकी उचलली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला आई आणि तान्हं बाळ आत असताना कार ओढून नेली गेली. दोन्ही वेळा लोकांनी चित्रण केलं, म्हणून वरिष्ठांना दखल घ्यावी लागली, आणि मालाडच्या प्रकरणात पोलीस शिपायाचं निलंबन झालं. आरसा तुटल्याचं चित्रण कोणी पसरवत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार हाच खरा मार्ग आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. वाहतूक शाखेच्या माहिती अधिकाऱ्याला विचारा: टोइंग ठेक्याच्या कराराची प्रत द्या. गाड्यांचं नुकसान झाल्यास ठेकेदाराने काय द्यायचं याबद्दलच्या अटी कोणत्या? ठेकेदाराने ताब्यातल्या वाहनांचा विमा काढला आहे का, त्याची प्रत द्या. गेल्या वर्षभरात नुकसानीच्या किती तक्रारी आल्या, किती जणांना किती भरपाई मिळाली आणि ठेकेदाराला किती दंड झाला? तुमचा स्वतःचा अर्ज आधी नोंदलेला असेल, तर त्याचा आवक क्रमांकही त्यात लिहा. तक्रारींची संख्या शून्य असं उत्तर आलं, तर तुमच्याकडच्या क्रमांकामुळे ते उत्तर तिथल्या तिथे खोटं ठरेल. मग पहिलं अपील करायला तुमच्याकडे तीस दिवस असतात.